तीन बसची भिंत

ओमानमधल्या खाबुरा गावच्या त्या कॉलेजात माझ्या दारावर 'क्रीडा विभागप्रमुख' अशी पाटी होती. दाराच्या आत गोलपोस्टच्या जाळ्या, हवा गेलेले चेंडू आणि मी, एवढाच विभाग. मुलांच्या फुटबॉलसाठी एक प्रशिक्षक संध्याकाळपुरता यायचा. बाकी सामने ठरवण्यापासून पाण्याच्या बाटल्या मागवण्यापर्यंत सगळं माझ्या गळ्यात. नवरा मस्कतच्या अल् खुवैर भागात नोकरीला, घर तिथेच अल् हैलला. मी आठवडाभर खाबुऱ्यात एका भाड्याच्या खोलीत राहायची, गुरुवारी दुपारी आठवड्याची सुट्टी लागली की गाडी काढायची आणि घरी पोचले की सोफ्यावर आडवी व्हायची. त्या वर्षांतलं मला सगळ्यांत जास्त काय आठवत असेल, तर तो थकवा.

मुलींना धावायला शिकवायचं मी मनावर घेतलं तेव्हा अडचण एकच होती. मैदान बहुतेक बाजूंनी झाकलेलं, पण दोन इमारतींच्या मधून ते थेट रस्त्यावर उघडं पडायचं. त्या रस्त्यावरून गावातला प्रत्येक भाऊ, काका, मामा गाडीतून जाणार. मुली म्हणाल्या, तिथे भिंत घाला, मग आम्ही धावतो. मला आधी रागच आला. मग आठवलं, विदर्भातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी रस्त्याने पळायची तेव्हा पानठेल्यावरून काय काय ऐकू यायचं. भिंत मलाही हवीच होती, मागायचं तेवढं सुचलं नव्हतं.

भिंतीसाठी डीनकडे गेले. सभ्य माणूस. पुढच्या बजेटमध्ये इन्शाल्ला, म्हणाले. पुढच्या वर्षीही तेच म्हणाले, तितक्याच सभ्यपणे.

मुलींना गावागावांतून आणणाऱ्या बस दुपारभर कॉलेजबाहेर उभ्या असत. चालक आसपासचेच वयस्कर ओमानी, बस त्यांच्या स्वतःच्या, कॉलेजशी करार केलेल्या. त्यांच्यातल्या सर्वांत ज्येष्ठांना मी चाचा म्हणायची. ते बलुची घरातले, हिंदी उत्तम बोलायचे, मला उस्ताझा, म्हणजे बाई, म्हणायचे. दर मंगळवारी तासभर तीन बस त्या उघड्या जागेत एकामागे एक लावाल का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी आधी मला कहवा पाजला, खजूर पुढे केला, घरच्यांची चौकशी केली. मग दोन गोष्टी सांगितल्या: मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानआधी आटपायचं, आणि आम्ही रस्त्याच्या बाजूला बसू, मैदानाकडे पाठ करून.

आणि ते बसले. मंगळवारी बस लागल्या की तिघं रस्त्याकडेला चटई टाकून कहव्याचा थर्मास उघडत. इकडे मुली अंगावरचे काळे अबाया काढून बसच्या आरशांना अडकवत आणि धावायला लागत. त्यांतली एक उंच मुलगी आठशे मीटर अशी धावायची की माझ्यासारख्या कंटाळलेल्या बाईलाही ताठ उभं राहावंसं वाटायचं. मस्कतला मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन शर्यती व्हायच्या, बंदिस्त मैदानात, पुरुषांना प्रवेश नाही. त्या उंच मुलीच्या वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की सराव आडोशाला होणार असेल तर पाठवतो, नाहीतर नाही.

शर्यती तोंडावर आल्या आणि कॉलेजने बसचं काम मस्कतच्या एका कंपनीला दिलं. नव्या पांढऱ्याशुभ्र गाड्या आल्या. मुलींना सोडायच्या आणि निघून जायच्या, थांबायची परवानगी नाही. मी पुन्हा डीनकडे. त्यांना माझ्याबद्दल फार आदर होता, भिंतीबद्दल काही सांगण्यासारखं नव्हतं. रात्री फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू क्रीडा विभागाची प्रमुख आहेस का एसटी डेपोची?" एरवी मी हसले असते. त्या दिवशी फोन ठेवून दिला.

मंगळवारी मुलींना सांगून टाकायचं ठरवलं, की आता बंद. खरं सांगायचं तर मनातून थोडं हलकंही वाटत होतं. एक काम कमी होणार होतं. चाव्या घेऊन मैदानावर गेले तर त्या उघड्या जागेत एक बस उभी. जुनी, धुळीने माखलेली. पलीकडे चाचा चटईवर, पाठ आमच्याकडे. बाकीच्या दोघांना सोहार शहरात काम मिळालं होतं.

मी वळसा घालून त्यांच्यासमोर गेले. आता कॉलेज तुम्हाला काही देत नाही, मग कशाला आलात, असं विचारलं.

"ठेका खलास हुआ, उस्ताझा," ते कप भरता भरता म्हणाले. "मंगलवार थोडी खलास हुआ."

पण एका बसमागे लपणार किती? दोन्हीकडून रस्ता दिसत होता. इथे आठशे मीटर कसले धावता, असं मी मुलींना म्हणणार, तेवढ्यात त्या उंच मुलीने अबाया आरशाला अडकवला आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पळत गेली. वळली, परत आली. पुन्हा वळली. बाकीच्या हसल्या आणि मग तिच्यामागे लागल्या. शर्यतीपर्यंतचे सगळे मंगळवार असेच गेले. शिट्टी वाजवताना मला वैताग यायचा, की एवढ्या मोठ्या मैदानावर या मुलींच्या वाट्याला बसएवढीच जागा का.

वडिलांनी शब्द पाळला. मस्कतला चाचांनीच आम्हाला नेलं, वडीलही बसमध्ये होते. आत, खऱ्या ट्रॅकवर, मुलगी झकास सुटली. पण मला दिसत होतं, थोडं अंतर गेलं की तिचं पाऊल अडखळायचं, खांदा वळायला बघायचा. मग तिच्या लक्षात यायचं आणि ती पुढे पळायची. नंबर आला नाही. धापा टाकत माझ्याकडे आली आणि तिच्या इंग्रजीत म्हणाली, मिस, इथे वळावंच लागत नाही. मी तिला पाणी दिलं.

बाहेर आलो. वडील मुलीशी बोलत पुढे गेले. चाचा बसच्या पायरीवर बसले होते. उठून माझ्याजवळ आले, जरा घुटमळले. इतके मंगळवार ते आमच्यासाठी आले होते, आणि त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

"उस्ताझा," त्यांनी हळूच विचारलं, "लडकी भागती कैसी है?"