देवघरातले पतंग

आमच्या वऱ्हाडात पहिल्या वेचणीचा कापूस देवापुढे ठेवतात. मी कापूस सोडून तुती लावली, रेशमाच्या अळ्या पाळल्या आणि दर पिकाचे पहिले ओंजळभर कोष परडीत घालून देवघरात ठेवू लागले. ही अक्कल माझीच, दुसऱ्या कोणाची नाही.

चांदूर बाजाराकडच्या आमच्या गावात बाईने उभी केलेली ही पहिली रेशीम शेड. मी ते मिरवते, उगाच कशाला लाजू? पण चौथ्या पिकानंतर छाती भरून यायला लागली. पूजा करून उठले की शिंका, डोळ्यांना खाज आणि मग धाप. नवऱ्याने निकाल देऊन टाकला, "शेड बंद कर. अळ्या बाधून राहिल्या तुले."

सासू तर अळ्यांची किळस येते म्हणून शेडचा उंबरठाही ओलांडायची नाही. ती म्हणाली, "मी त पयलेच सांगतलं होतं."

माझं डोकंच फिरलं. दिवसभर शेडमध्ये पाला टाकते तेव्हा धड असते आणि देवापुढे बसले की दम लागतो, हे कोणी ऐकूनच घेईना. शेड गेली तर माझं म्हणून काय उरणार होतं? अकोल्याच्या ॲलर्जीवाल्या डॉक्टरीणबाईंकडे नवऱ्याला घेऊन गेले ती त्याला खोटं पाडायलाच.

त्यांनी हातावर निरनिराळ्या किड्यांच्या अर्काचे थेंब टाकून बारीक टोचलं. थोड्या वेळात रेशमाच्या पतंगाच्या थेंबाखाली गांध उठली, झुरळाच्याही आणि धान्यातल्या किड्याच्याही. नवरा लगेच म्हणाला, "आमच्या घरी झुरळं नाहीत." त्या हसल्या. म्हणाल्या, या किड्यांच्या अंगातली काही प्रथिनं सारखीच असतात. शरीराने एकाशी वाकडं धरलं, की त्याचे भाऊबंदही त्याला चालत नाहीत.

मग मला आठवलं. माहेरी सोंडे लागलेली तूर पाखडताना मी अशीच धापा टाकायची आणि आई कामचुकार म्हणायची. तिथेच नवऱ्याला विचारलं, "तवा काय रेशीम होतं का आमच्या घरी?"

"कोष पतंग निघायच्या आधीच विकता ना?" बाईंनी विचारलं. "सगळे?"

देवघरातले मात्र मी कधीच विकत नव्हते. परडीतले कोष फोडून पतंग निघायचे, फडफडायचे, त्यांच्या पंखांची भुकटी देवघरभर व्हायची आणि मी वाकून त्यांना हळदकुंकू वाहायची. चूक माझी होती, शेडची नव्हती. कबूल करताना जीवावर आलं, पण सुटल्यासारखंही वाटलं.

बाईंनी औषध दिलं. कोष घरात ठेवायचे नाहीत, शेडमध्ये मास्क लावायचा आणि झाडलोट दुसऱ्याने करायची, कारण तिथला वाळका केरही बाधू शकतो. नवरा दिवसभर शेतात. अळ्या म्हटलं की मजुरीला कोणी येत नाही. म्हणजे गाडी पुन्हा शेड बंद करण्यावरच आली. घरी येऊन सासूला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन भाकरी थापत राहिली.

सकाळी शेडवर गेले तर दार उघडं. सासू नाकाला पदर बांधून, तोंड वाकडं करून अळ्यांच्या रॅकखाली झाडत होती. "काय पाहून राह्यली? भाईर थांब. झाडणं झालं का पाला टाक."

शेताच्या धुऱ्यावरून शेजारीण विचारती झाली, "सुनेची शेड बंद करून राहिले म्हणे?"

"काहून बंद करन?" सासू म्हणाली. "मी हावो ना."