दारात किती वेळ थांबायचं

ऑफिसात त्यांना सगळे 'कुलूपबाई' म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. बाईंना त्याचा राग नव्हता. चौतीस वर्षं जिने कॉम्प्युटर प्रोग्रामांतल्या लॉकशिवाय दुसरं काही केलंच नाही, तिला लोक आणखी काय म्हणणार?

गोष्ट त्यांच्या तिशीतली. तेव्हा ऑफिसात एकच मोठा कॉम्प्युटर होता, काचेच्या खोलीत, त्यात काम उपसणारे दोन प्रोसेसर, आणि त्याच्यापुढे एकच खुर्ची. त्या खुर्चीवर बहुतेक वेळ मास्तर ठाण मांडून असत. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, आता बाईंच्या शेजारच्या टेबलावर. काय दिवस होते ते! मशीन मिळायची मारामार, पण कामाला चव होती.

दोघांपुढे कोडं एकच होतं. एका प्रोग्रामात अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे वेगवेगळे धागे, एकाच वेळी राबत असतात. सामायिक गोष्टीला हात लावायचा तर आधी लॉक घ्यायचं. एकाने घेतलं की बाकीचे खोळंबतात. खोळंबलेल्यांनी काय करायचं? मास्तर म्हणत, सरळ झोपायचं, लॉक सुटलं की सिस्टीम उठवेल. बाईंना हे मुळीच पटत नव्हतं. आतला क्षणात बाहेर येणार असेल तर झोपण्या-उठण्यातच जास्त वेळ जायचा. त्यापेक्षा दारातच जरा घुटमळावं, 'झालं का, झालं का' विचारावं, आणि नाहीच झालं तर मग आडवं व्हावं. साहेबांनी सांगून टाकलं, शुक्रवारी दोन्ही चालवून बघू. जिंकेल तो प्रोग्रामिंगमध्ये राहील, हरेल तो माहितीपुस्तकं लिहायला खालच्या मजल्यावर.

गुरुवारी दुपारी मास्तर खोलीतून निघाले, तर बाई दार अडवून उभ्या. पाळी कधी येते म्हणून पंधरा मिनिटं तिथेच खिळलेल्या. मास्तरांना बाहेर पडायला वाटच नाही.

"बाई, तुमचा प्रोग्राम हेच करतोय," ते म्हणाले. "आपला एक प्रोसेसर सकाळपासून बंद आहे. उरलेल्या एकावर तुमचा थ्रेड घुटमळत बसला, तर आतल्याने काम संपवायचं कशावर?"

बाई तशाच आत जाऊन खुर्चीवर बसल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी एवढंच जोडलं: लॉक ज्याच्याकडे आहे तो दुसऱ्या प्रोसेसरवर खरंच चालू आहे का, ते आधी बघायचं. चालू असेल तर घुटमळायचं, नसेल तर मुकाट्याने झोपायचं. शुक्रवारी एका प्रोसेसरवर बरोबरी झाली, दुसरा सुरू झाल्यावर बाई जिंकल्या. सोमवारी मास्तरांनी टेबल आवरलं.

आभार मानायचे राहूनच गेले. आज म्हणू, उद्या म्हणू करता करता वर्षं सरली, आणि मग लाज वाटायला लागली. शेजारच्या टेबलावर पुढे कितीतरी आले-गेले, पण इतक्या सरळपणे चूक दाखवणारा एकही भेटला नाही. बाईंना मास्तरांची फार आठवण यायची.

निवृत्तीच्या दिवशी भाषणं उरकली तशा त्या थेट मास्तरांच्या घरी गेल्या. म्हातारे खिडकीशी बसले होते. इकडचं तिकडचं काही न बोलता बाईंनी विचारलं, त्या दिवशी गप्प का नाही बसलात? मीच खाली गेले असते ना.

मास्तरांनी चष्मा पुसला. "माझं बरोबर होतं, बाई. तुमचं चांगलं होतं. फरक कळत असताना गप्प कसा बसणार?"

बाईंचे डोळे भरून आले. मग मास्तरांनीच विचारलं, अजून चालतंय का ते?

"चालतंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत म्हणून चालतंय."