न लावलेला हॉर्न

गेल्या रविवारी तोंडवलीत आमच्या अंगणात जे झालं ते लिहू की नको, असं चार दिवस चाललंय माझं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही... म्हणजे रविवारपर्यंत तरी नव्हते.

बाबांची जुनी पेट्रोल जीप. ते गेल्यापासून दोन वर्षं माडाखाली खारं वारं खात उभी होती. यंदा मी हट्टाने तिचं इंजिन उतरवून नव्याने बांधायला घेतलं. बाबांचे दोस्त सायमन मेस्त्री, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बाय, ह्यो शेवटचो बोअर. आता आतून घासला तर ब्लॉक भंगारात." सिलिंडर आतून आणखी कातता येणार नव्हता, म्हणजे चूक झाली की बाबांची गाडी संपली, कायमची.

आमच्याकडे समुद्रावरून वाळू उडते. त्यामुळे उघडं इंजिन ठेवायचं तर त्याचं एकूण एक भोक चिंधीच्या बोळ्याने बंद करावं लागतं. ते काम माझ्याकडे होतं. आईने बाबांची निळ्या चौकड्यांची लुंगी फाडून दिली. मेस्त्रींचा नियम एकच... प्रत्येक बोळ्याची शेपटी बाहेर लोंबती ठेवायची, म्हणजे इंजिन बांधताना तो आत विसरायला होत नाही.

तर रविवार. मेस्त्री चर्चमधून थेट आले. नवीन बांधलेलं इंजिन कधी एकदम सुरू करत नाहीत, कारण आत सगळं कोरडं असतं. आधी प्लग आणि कॉइलची वायर काढायची, आणि नुसत्या स्टार्टरने इंजिन फिरवत राहायचं. पंप तेल वर चढवतो, मीटरमधला ऑइलचा काटा हलतो, मग प्लग लावून सुरू करायचं. काटा हलला नाही तर गाडी सुरू करायची नाही.

बाबांच्या मोठ्या भावाला, म्हणजे काकांना, गाडी बाराच्या आत सुरू झालेली हवी होती. भर बाराला नवीन काम करू नये म्हणतात. त्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं... "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेत काय वायट-वाकडा अडकला आसात, ता भायर काढ रे म्हाराजा." मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मेस्त्रींनीही टोपी काढून म्हटलं, आमच्याकडे ते सगळेच म्हणतात.

मग मेस्त्री चावी फिरवायला लागले. प्लग नसलेलं इंजिन फिरताना एक पोकळ आवाज येतो, आत कोणीतरी धापा टाकत असल्यासारखा. बाबांचे शेवटचे दिवस आठवले मला. मी काट्याकडे बघत राहिले.

काटा शून्यावर. पुन्हा फिरवलं, थांबलो, पुन्हा फिरवलं... शून्य.

वारा पडला होता. आमच्या सुरूच्या झाडांचा आवाज कधी थांबत नाही, तो थांबला होता. काका घड्याळ बघत म्हणाले, "मीटरच खराब आसात रे, दोन वर्सां खारयात उभी हा. कर सुरू, बारा वाजतत." मेस्त्रींना पटलं नव्हतं, पण मीटर जुना होता हे खरंच. माझ्याकडे बघितलं त्यांनी. आणि मी, शहाणी, मान हलवली. प्लग बसले, वायर लागली, मेस्त्री सीटवर बसले.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पदराला पुसत. आमच्याकडे न बघता जीपच्या पुढून चालत गेली आणि गेट सताड उघडून तिथेच उभी राहिली. आई बरोबर जीपसमोर, म्हणून मेस्त्रींनी चावीवरचा हात काढला.

"काय झाला गो?" काकांनी विचारलं.

"हॉर्न आयकाक नाय इलो तुमका? दोनदा वाजलो."

बाबा घरी येताना गेटबाहेर दोनदा हॉर्न द्यायचे, आणि आई हातातलं काम टाकून गेट उघडायला जायची. पस्तीस वर्षं. पण आमच्या कोणाच्या कानावर हॉर्न आला नव्हता. जीपचा हॉर्न तर पडवीत खोक्यात पडला होता, वायरसुद्धा न जोडलेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मेस्त्रींनी छातीवर क्रूस काढला आणि खाली उतरले. "थांब. एकदा फिल्टर खोलूया."

तेलाचा फिल्टर आतून कोरडा ठणठणीत निघाला. त्याच्या मागच्या भोकात त्यांनी बोट घातलं, मग चिमटा... आणि बाहेर काय आलं तर निळ्या चौकड्यांचा बोळा. बोटभर आत सरकलेला, शेपटी नसलेला. तो मीच कोंबला होता. तेलाची वाटच बंद. सुरू केलं असतं तर बाबांच्या लुंगीनेच बाबांची गाडी मेली असती.

पुन्हा प्लग काढले, फिल्टर तेलाने भरून बसवला, पुन्हा चावी फिरवली. काटा थरथरला आणि वर गेला. बारा केव्हाच वाजून गेले होते, काकांनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. प्लग लावून चावी दिली तशी जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली, बाबांच्या वेळच्या आवाजात. मी रडले, खोटं कशाला बोलू.

आई तोवर गेटातच उभी होती. आवाज ऐकला, शांतपणे गेट ओढून कडी घातली आणि आत जाता जाता म्हणाली, "इले ते. पाना घेतंय."

त्या दिवशी पाच पानं वाढली तिने. आम्ही चौघं होतो. कोणी मोजायला गेलं नाही.

मेस्त्री रोज फोन करतात, हॉर्न बसवून घे म्हणून. खरंय, रस्त्यावर हॉर्न हवाच. पण मी जीप अजून अंगणाबाहेर काढली नाहीये... एकदा खरा हॉर्न बसला की पुढच्या वेळी आईला ऐकू आला तो कुठला, हे मला कधीच कळणार नाही.

बाबा, थँक्यू. यापुढे शेपटी बाहेर ठेवीन.