बाण पट्टीनेच काढायचा

माझी वहिनी सातवीला विज्ञान शिकवते. शिकवत होती, असं म्हणायला हवं. पण माझी जीभ अजून वळत नाही.

एकोणतीस वर्षं ती पोरांना पेशी शिकवत आली. पोरं पाठीमागे तिला पेशीबाई म्हणायची आणि तिला ते ठाऊक होतं. आमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी एका वाटीत कांद्याचा पापुद्रा कायम पाण्यात तरंगत असायचा. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. दिवसभर नाकात काचेची पूड, आणि घरी येऊन फ्रिज उघडावा तर कांद्याचा भपका. "या घरात माणसांनी राहायचं की कांद्यांनी?" असं मी आठवड्यातून एकदा तरी विचारायची. "तू नणंद आहेस, तू बोलणारच," असं म्हणून ती वाटीवर ताटली ठेवायची.

तिचा एक नियम होता. आकृती पेन्सिलीने, आणि नाव दाखवणारा बाण पट्टीनेच. हाताने बाण मारलेली वही ती न तपासता परत द्यायची. मी एकदा म्हटलं, "बाण वाकडा गेला म्हणून पेशी मरते का गं?" ती म्हणाली, "पट्टी लावायची तर थांबावं लागतं. थांबलं की पोरगं बघतं."

मग शाळेत टॅबलेट आले. प्रत्येक पोरापुढे एक. पडद्यावर गोलमटोल पेशी, केंद्रक जांभळं, तंतुकणिका नारिंगी, सगळं कसं मिठाईच्या दुकानासारखं. खाली नावं. नाव बोटाने ओढायचं आणि जागेवर सोडायचं. वहिनीने नाक मुरडलं नाही, हे मुद्दाम सांगते. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ती ते सगळं शिकली. पासवर्ड तीनदा चुकायचा, चौथ्यांदा खातं बंद व्हायचं. बिचारा दादा महिनाभर ताट मांडीवर घेऊन जेवला. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. "चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा," मी म्हटलं. "नंबर नाही, मीच संपत आलेय," ती म्हणाली, आणि हसली नाही.

अशात मोठ्या बाईंनी बैठकीत सांगून टाकलं. सातवीच्या दोन तुकड्या, विज्ञानाला दोन शिक्षक. पुढच्या सत्रापासून दोन्ही तुकड्या एकत्र बसून तयार पाठ बघतील, आणि त्यावर लक्ष ठेवायला एकच शिक्षक पुरे. दुसऱ्याने ग्रंथालय सांभाळायचं. ज्याच्या वर्गाचे गुण चांगले, तो राहील. शुक्रवारी संस्थेचे साहेब वर्ग बघायला येणार. दुसरा उमेदवार म्हणजे तीन वर्षांपूर्वी लागलेला तरुण सर. पोरगा वाईट नाही, पण पोरांनी काय बघितलं यापेक्षा पडद्यावर काय दिसलं याची त्याला जास्त काळजी.

सोमवारी टॅबलेटवरच्या चाचणीचे गुण कळले. वहिनीच्या वर्गाचे शंभरात शहाण्णव. सरांच्या वर्गाचे नव्वद. मी दुकानातून येताना आइस्क्रीम आणलं. वहिनी मात्र लॅपटॉपकडे टक लावून बसलेली.

"हे बघ. वेळेचा रकाना," ती म्हणाली. "आठ नावं, अकरा सेकंद. मलाही जमणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात विचारलं. पहिल्या बाकावर चिमणी नावाची पोरगी बसते, म्हणजे तिला तसं म्हणतात, कारण ती गप्प बसत नाही. तिने अगदी निरागसपणे सांगून टाकलं, "बाई, चुकीच्या जागी सोडलं की नाव परत येतं. मग दुसरीकडे सोडायचं. शेवटी कुठेतरी चिकटतंच! चुकीचे गुण जात नाहीत."

त्या संध्याकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. शुक्रवार जाऊ दे, मग शिकव काय शिकवायचं ते."

"छत्तीस पोरांना काही येत नाही, आणि मी शहाण्णव मिरवू?"

"मग काय, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार?"

ती कांदा सोलायला बसली. मला तिचा राग आला होता, खरंच आला होता. एवढी थकलेली बाई, नोकरीची चार वर्षं उरलेली, आणि हा हट्ट.

शुक्रवारी टॅबलेट बाजूला ठेवून खरी पेशी दाखवायची, असं तिने ठरवलं, तरी त्यासाठीची नळी मीच बनवली. भिंगांच्या पुठ्ठ्याच्या खोक्याची नळी, एक टोक सूक्ष्मदर्शकावर, दुसऱ्यात मोबाइलचा कॅमेरा. म्हणजे काचेखालचं मोठ्या पडद्यावर दिसेल. नळी घसरायची, ती धरायला कुणीतरी हवं, म्हणून शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी तिच्या वर्गात उभी.

वहिनीला रात्रभर झोप नव्हती. पापुद्र्यावर वरची काच तिरपी टेकवून हळू सोडायची असते. ती तिच्या हातून पटकन पडली. पडद्यावर विटांच्या भिंतीसारखे फिकट चौकोन दिसले, आणि मधोमध एक टपोरा गोल, काळ्याभोर काठाचा. वहिनीने तो पाहिला, मी तिच्याकडे पाहिलं. काच बदलायला मिनिटही लागलं नसतं. ती हळूच म्हणाली, "असू दे."

मग मोठ्याने, "दिसणारी एक पेशी वहीत काढा."

एक पोरगा उठून पडद्याजवळ गेला आणि चित्र मोठं करायला दोन बोटं फाकवू लागला. कुणी हसलं नाही. पंधरा मिनिटांनी वह्या गोळा झाल्या. छत्तीसपैकी एकतीस पोरांनी तो गोल काढला होता. काहींनी आत जांभळं केंद्रकही घातलं होतं.

मोठ्या बाई आणि तरुण सरांबरोबर मागे बसलेले साहेब खुश. पडद्याजवळ गेले, गोलावर बोट ठेवलं, फोटो काढायला सांगितला. "वा! किती स्पष्ट पेशी! टॅबलेटवर शिकवल्याचा हा फायदा."

मोठ्या बाई हसल्या. तरुण सर हसले. मी नळी धरून मनात म्हणत होते, वहिनी, गप्प बस, फक्त आज गप्प बस.

"साहेब, तो हवेचा बुडबुडा आहे," वहिनी म्हणाली. "माझ्या हातून काच नीट पडली नाही. पेशी त्या फिकट चौकोनी आहेत. मुलांनो, वह्या परत घ्या, पुन्हा बघू."

साहेबांचं बोट पडद्यावरून खाली आलं. पुन्हा बघायला ते थांबले नाहीत.

वहिनीने वह्यांचे गुण मोजून भरले: छत्तीसपैकी पाच बरोबर. मोठ्या बाईंनी सुचवून पाहिलं, सोमवारचेच राहू द्या ना. ती नाही म्हणाली. पंधरा दिवसांनी पत्र आलं, ग्रंथालय.

ती रडली नाही. रविवारी दिवसभर झोपली, उठली, जेवली, पुन्हा झोपली. सोमवारी फ्रिजमधली वाटी तिने स्वतः धुऊन ठेवली. मला इतकं वाईट वाटलं की दुकानात एका गिऱ्हाइकाचं भिंग उलटं बसवलं.

सूक्ष्मदर्शकाच्या कपाटाची किल्ली तिच्याकडेच राहिली होती. "तू देऊन ये," ती म्हणाली. "माझ्याच्याने होणार नाही."

मी गेले. शाळेच्या दारातच फलकावर साहेबांचा फोटो, साध्या कागदावर मोठा छापलेला. साहेबांचं बोट गोलावर. खाली लिहिलेलं, 'विद्यार्थी पेशीचे निरीक्षण करताना'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाडावा म्हणून जवळ गेले, तेव्हा दिसलं. गोलापासून कागदाच्या पांढऱ्या कडेपर्यंत पेन्सिलीची एक बारीक रेघ, आणि तिच्या टोकाशी बारीक अक्षरात, 'हवेचा बुडबुडा'. मी फोटो तसाच राहू दिला.

घरी वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी सगळं सांगितलं.  मला वाटलं, झोप लागली असेल.

मग तिने न वळताच विचारलं, "बाण पट्टीने काढलाय का?"

"हो," मी म्हटलं. "सरळ."

"मग माझ्याच वर्गातलं आहे कुणीतरी," ती म्हणाली, आणि पांघरूण ओढून घेतलं.