चार बिड्या

"रोज किती बिड्या?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणालो, "चार."

उभ्या जन्मात बिडीला हात लावलेला नाही. आधी खरं तेच सांगितलं होतं, एकही नाही. त्यांनी कागदावरचं आडनाव वाचलं, पत्ता वाचला, हसले. "लाजू नका. तुमच्या वस्तीत कोण ओढत नाही?" दवाखान्याचा जिना चढून माझा भाता झालेला. भांडायला हवा लागते. ती नव्हती. चारवर मिटवलं. शहाणाच मी.

परभणीतल्या एका कचेरीत मी कारकून. रेकॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. दहा पायऱ्या झाल्या की थांबायचं आणि भिंतीवरची परिपत्रकं वाचतोय असं दाखवायचं. सगळी पाठ झालीत. खालचं टेबल मिळावं म्हणून दाखला पाहिजे होता. दाखल्यात आलं : धूम्रपानामुळे दम. साहेबांनी सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचलं. "घ्या! बिड्या फुंकायच्या यांनी, अन् खालचं टेबलही यांनाच!"

कचेरी हसली. मीही हसलो. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

रविवारी सोनपेठला जाऊन मायला सांगितलं. ती हसली नाही.

"सातव्या महिन्याचा हायस तू. मालकाच्या रानात कापूस येचायले व्हते. पोट दुखायलंय म्हनलं, तर मालक म्हनला, तुमच्या बायकांची नाटकं लय. उचल गठुडं. थितंच झालास. निळा. कापसात गुंडाळून जगवला. छाती भरायचीच राहिली तुझी."

तिचं नाटक, माझी बिडी. पन्नाशीला आलो तेव्हा कळलं.

परत डॉक्टरांकडे गेलो. "सातव्या महिन्याचा आहे. लिहा."

"ते जुनं कशाला? मोठे झालात की."

"मी झालो, साहेब. छाती मागं राहिली. मशीनवर फुंकायला लावून बघा. अन् ती बिडी खोडा."

"उठा, पेशंट थांबलेत."

"खोडल्याशिवाय उठत नाही. तसाही मला उठायला वेळ लागतो."

शेवटी मशीनवर फुंकायला लावलं. हवा निम्मीच भरली. "जन्मापासूनचं असू शकतं," डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाले. बिडी खोडली. माफी वगैरे नाही.

कचेरीत नवा दाखला साहेबांपुढे ठेवला. "बघू," म्हणाले. मी तिथंच लिहून दिलं : उद्यापासून जिना चढणार नाही. पोच घेतली.

घरी बायकोनं ती पोच दोनदा वाचली. म्हणाली, "अहो, आता वरून कुणीबी हाक मारू द्या. खाली बसूनच ओ द्यायची. ज्याला काम हाय, त्यो उतरंल."