गाय लिफ्टमध्ये आहे

परवा रविवारी घोडबंदर रोडला आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. सगळा संसार डोंबिवलीत मानपाड्याला झाला, आणि आता एकदम चौदावा मजला… पण मला खरी धाकधूक होती ती विहीणबाईंची.

आमच्या विहीणबाई जर्मन. लेकीच्या, सायलीच्या सासूबाई, पहिल्यांदाच भारतात आलेल्या. त्यांना इंग्रजी येत नाही. व्हिडिओ कॉलवर त्या भरभरून बोलायच्या आणि सायली मला सांगायची, "आई, त्या म्हणतायत छान."

एवढ्या लांबलचक बोलण्याचं नुसतं छान? फार लागायचं मला ते. दोन विहिणींच्या मध्ये दुभाषी कशाला!

म्हणून मोबाईलवर जर्मन शिकायचं ॲप घेतलं. आता ॲपने काय शिकवावं… "माझं घुबड पत्रकार आहे." "तुमचे आजोबा कपाटात का राहतात?" "गाय लिफ्टमध्ये आहे." हौसेने स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकले आणि पस्तावले. मुलगा तेव्हापासून गुड मॉर्निंगऐवजी घुबडाची तब्येत विचारतो.

तर रविवार. गुरुजींनी सांगितलेलं, घरात आधी गाईची पावलं पडू देत, मग माणसांची. सेक्रेटरींच्या मिनतवाऱ्या करून सर्व्हिस लिफ्टची परवानगी मिळवली. बाकीच्या लिफ्टचं काम चालू होतं, त्यामुळे चालणारी लिफ्ट तेवढी एकच.

गाय आणि गाईवाले काका वर गेले, आणि तेवढ्यात विहीणबाई आल्या. पार्किंग फुल, म्हणून लेक-जावई त्यांना गेटवर उतरवून गाडी लावायला पुढे गेलेले. म्हणजे लॉबीत आम्ही दोघीच… आणि लिफ्ट काही खाली येईना.

ह्यांचा वरून फोन. "अगं, गाय लिफ्टमधून उतरतच नाहीये! गूळ दाखवला, गवत दाखवलं…"

विहीणबाईंनी लिफ्टकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मी पदर सावरला, देवाचं नाव घेतलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "डी कू इस्ट इम आउफत्सूग!"

त्या गोड हसल्या. गॅदरिंगमध्ये कविता विसरलेल्या पोरीला थोपटतात, तसा माझा हात थोपटला. मी परत म्हटलं, खरंच, गाय, लिफ्टमध्ये! त्यांनी मान डोलावली आणि शांतपणे लिफ्टचं बटण दाबलं.

वर दार मिटलं असणार. लिफ्ट खाली आली, दार उघडलं… आत झेंडूची माळ घातलेली गाय, आणि घामाघूम काका. "वहिनी, घाबरलेय ती. उतरायचं नावच घेत नाय!"

विहीणबाईंनी आधी गाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि अशा काही हसल्या की वॉचमन धावत आला! मी तर तिथे कप जिंकल्यासारखी उभी होते.

मग त्या सरळ आत शिरल्या, गाईची मान खाजवायला लागल्या आणि मलाही खुणेने बोलावलं. वर जाताना बोलत होत्या. वडील, गाव, गाय, भीती… एकेक शब्द ओळखीचा! त्यांच्या वडिलांकडे गाई होत्या, हे मला सायलीने कधीच सांगितलं नव्हतं. चौदाव्यावर त्यांनी दोर हातात घेतला, जिभेने च्क च्क केलं आणि गाय निमूट त्यांच्या मागून लिफ्टबाहेर, आणि त्यांच्या आधी आमच्या घरात! दाराबाहेर उभे गुरुजी मंत्र म्हणायचे थांबले.

पूजा सुरू झाली. विहीणबाई माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या. माझा हात धरून त्या हळूहळू, सोपं सोपं बोलल्या… माझं घर शांत होतं. फार शांत. आता सायली हसते. मीपण हसते.

मला सगळं कळलं. आणि डोळ्यांना धार लागली.

तेवढ्यात सायली धापा टाकत आली. "आई, रडतेस काय? थांब, त्या काय म्हणतायत ते मी सांगते."

मी म्हटलं, "तू आधी पाणी पी. आम्ही बोलतोय."

ते वेडपट ॲप ज्याने कुणी बनवलंय, त्याला मनापासून आशीर्वाद. माझी पोर तिकडे सुखात आहे, हे तिच्या सासूने मला स्वतः सांगितलं… आणि मला ते दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं नाही.