कोरडे हरभरे आणि माझा चाबूक

मंडळी, टांगा स्टँडच्या फळ्यावर हे आजच लिहितोय, नाहीतर उद्या दगडूच्या तोंडून ऐकाल.

माझी घोडी एकोणीस वर्षांची. दाढा झिजल्यात, पण आकुर्डी स्टेशन ते कंपनीचं गेट अजून ओढते. तिची चंदी म्हणजे बारा तास भिजवलेले हरभरे, बोटाने चिरडतील इतके मऊ. हे मला कुणी शिकवलं नाही. तिच्या लिदीत अख्खे दाणे बघून मीच शिकलो.

आज दुपारी माझा भागीदार दगडू याने तिच्या तोबऱ्यात कोरडे हरभरे ओतले आणि लगेच टांगा जुंपला. मी पोचलो तेव्हा घोडी मान ताणून उभी होती, नाकातून फेस गळत होता आणि हा तिला चाबकाने फोडत होता.

“माज आलाय हिला, हलंनाच झालीय!”

“दगड्या, नरड्यात दाणे अडकलेत तिच्या!”

“लई शाणा! डाक्टर हायस का तू?”

मी चाबूक हिसकावला आणि त्याच्यावरच चालवला. तो खाली पडला तरी थांबलो नाही. त्याचा कान फाटला, सदरा रक्ताने भिजला. शेवटी चौघांनी मला मागे ओढलं.

मग घोडीला सोडवून, डोकं खाली धरून तिची मान चोळत राहिलो. अर्ध्या तासाने घास उतरला. वाचली.

संध्याकाळी कोंड्याची पातळ पेज घेऊन गेलो. हात पुढे करताच ती भिंतीला चिकटून थरथरू लागली. मी तिला आजवर एकही फटका मारलेला नाही.

दगडूची माफी मागता येईल. घोडीची कशी मागायची, सांगा.